निळ्या तोंडाची कानबाई

हिरामण नानांच्या पंच्याहत्तरीला त्यांचा मुलगा दिलीप एक छोटं पुस्तक काढतो आहे. नानांची चित्रं, नानांचे फोटो आणि विद्यार्थ्यांच्या आठवणी. ‘ताई, तुम्ही बाबांच्या सगळ्यांत जुन्या. पानभर काहीतरी गोड लिहून द्या,’ असं तो फोनवर म्हणाला. गोड! खोटं कशाला बोलू, लिहायला घेतलंही होतं. अर्धं पान झालं होतं. ते फाडलं आणि हे लिहायला बसले. हे काही त्या पुस्तकात जायचं नाही.

पण नाना कसे होते ते आधी सांगायलाच हवं. नुसता राग सांगितला तर तुम्ही म्हणाल, बाई कजाग दिसते. आहेच मी कजाग. पण नाना मला फार आवडायचे.

ते जळगावात, पिंप्राळ्यात राहायचे. खाली लग्नपत्रिका छापायचं दुकान आणि वर पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास. नव्वदच्या दशकात जळगावात कॉम्प्युटर ही बघायला जायची वस्तू होती. नाना उंच, काटकुळे, अंगात कायम पांढरा सदरा. सदऱ्याच्या खिशात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली फ्लॉपी. पिशवी धुतलेली, वाळवलेली, कात्रीने बेताची कापलेली. ‘धूळ फार शे व माय आपल्याकडे,’ असं म्हणत ते ती पिशवी उलगडायचे आणि फ्लॉपी अशी बाहेर काढायचे की आम्हाला वाटावं, आता देव्हाऱ्यातून देवच निघतो आहे.

चपला खाली जिन्यापाशी काढायच्या, त्याही तोंड बाहेर करून. का, ते कोणी विचारलं नाही. दसऱ्याला सगळ्या मशीनना झेंडूची माळ. एका वर्षी झेंडूची पाकळी कीबोर्डमध्ये गेली आणि एक बटण दिवाळीपर्यंत रुसून बसलं. नाना त्याला रोज सकाळी हात जोडायचे, आणि आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो. वीज गेली की दुसरे क्लासवाले पोरांना घरी पाठवत. नाना खिडकी उघडायचे, हातावर बडीशेप घ्यायचे आणि एकेकाला उभं करायचे. ‘बोल, बारा?’ लाल. ‘दहा?’ हिरवा. ‘चौदा?’ पिवळा. रंगांचे नंबर त्यांनी आमच्याकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले होते.

नंबर का, ते सांगते. क्लासातले आमचे सगळे पडदे काळे-पांढरे होते. रंगीत पडदा एकच, नानांच्या टेबलावरचा, आणि त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. आम्ही चित्र काढायचो राखाडीत आणि रंग भरायचो नंबराने. भिंतीवर एक मोठा तक्ता होता, हाताने रंगवलेला: एवढा नंबर म्हणजे हा रंग. तो बघायचा, नंबर निवडायचा, साडीत ओतायचा. पडद्यावर राखाडीच दिसणार, लाल आपण मनात बघायचा. मग फ्लॉपी नानांकडे न्यायची. ते ती आपल्या मशीनमध्ये सरकवत, मशीन जरा कुरकुरे, आणि रंगीत पडद्यावर आमचं चित्र उघडे. ती घटका म्हणजे दहावीच्या निकालासारखी.

दर सोमवारी नाना प्रत्येकाला एक नमुना द्यायचे. नमुना म्हणजे एक अर्धवट चित्राची फाइल. नाव काहीही असो, शेवटी डॉट पीसीएक्स. आज त्या फाइलींना कोणी विचारत नाही, नव्या पोरांना तर नावही ठाऊक नाही, पण तेव्हा चित्र म्हटलं की पीसीएक्स. त्या फाइलीत चित्र पुरं करायचं, रंग भरायचे आणि तीच परत द्यायची. प्रत्येकाचा नमुना नाना स्वतः भरून द्यायचे, फ्लॉपीवर स्वतःच्या अक्षरात नाव घालून. दुसऱ्या कोणाला तिथे हात लावू द्यायचे नाहीत. ‘घेई जा. नमुना शे, मूळ नही. बिघडाले भ्यावाचं नही,’ म्हणायचे. केवढी माया, असं आम्हाला वाटायचं.

माझा पहिला नमुना होता केळीचा घड. मी तो पुरा केला. खोडाला तपकिरी घातला, वरच्या फण्यांना हिरवा आणि खालच्या दोन केळ्यांना पिवळा, कारण आमच्या बागेत घड पिकायला लागतो तो मला असाच आठवत होता. नानांनी पडद्यावर घड उघडला आणि कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग मान वळवून म्हणाले, ‘कोनाकडे शिकनी तू?’ कोणाकडेच नाही, म्हटलं. ‘बरं,’ म्हणाले, आणि फ्लॉपी परत दिली. मी जिना कसा उतरले मला कळलं नाही. घरी गेल्यावर आईला सांगितलं, नाना गप्पच झाले माझं चित्र बघून.

दुसऱ्या सोमवारी मला दिलेल्या नमुन्यात नुसता चौरंग होता आणि वर मोकळी जागा. ‘तुमच्या घरची कानबाई काढ,’ म्हणाले. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. नारळाला डोळे, नाक, नथ, लाल साडी, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. आई तिला सजवायची तेव्हा मी लहानपणापासून ताट धरून उभी असायची. मी जीव ओतून ती काढली. तोंडाला गुलाबी, साडीला बारा नंबर, खांबांना दहा नंबर. दोनदा, तीनदा तक्ता तपासला.

पडद्यावर कानबाई उघडली. तोंड निळं, साडी हिरवी, केळीचे खांब लालभडक.

मागून योगेश ओरडला, ‘नाना, कानबाईले थंडी वाजी ऱ्हायनी!’ सगळा वर्ग फुटला. मीही हसले. काय करणार? म्हटलं, नाना, मी बाराच टाकला होता. नाना रागावले नाहीत, तेच तर. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले, योगेशची फाइल उघडून दाखवली. त्याच्या पोपटाची चोच बरोबर लाल. ‘त्याचाही बाराच शे. देख, डोया उघाडीसन नंबर वाच.’ डोळे उघडून वाच, एवढंच. हळू आवाजात. पुढच्या सोमवारी मी बोट ठेवून ठेवून नंबर वाचले. मोर आला गुलाबी. त्याच्या पुढच्या वेळी नवरी आली निळ्या हातांची.

असं महिनोन्‌महिने चाललं. शेवटी एकदा वीज गेलेली असताना नाना म्हणाले, ‘कल्पना, काही जणांच्या डोळ्यांतच असतं ते, रंग नीट कळत नाहीत. त्यात लाजायचं नाही. तुझी रेघ सोन्याची आहे. तू रेघ काढ, अक्षरं जुळव. रंग मी बघतो.’ मी रडले. त्यांनी घरातून चहा मागवला. त्या चहाबद्दल मी इतकी वर्षं त्यांचे उपकार मानत आले, अगं बाई!

आणि उपकार नव्हते कसे म्हणू? आई मला जळगावात नोकरीला ठेवायला तयार नव्हती. नाना एसटीने आमच्या गावी आले, ओसरीवर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि आईला म्हणाले, ‘अक्का, तुन्ही पोर माले दे. मन्ही पोर समजीसन ठेवसू.’ आईने पदर डोळ्यांना लावला. माझ्या लग्नात ते मामाच्या जागी उभे होते. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांच्या घरून रोज मुगाचं पाणी यायचं. हे सगळं खरं आहे. ते खोटं असतं तर किती सोपं झालं असतं.

तर मी त्यांच्या दुकानात राहिले. रेघ माझी, रंग नानांचे. मी माझ्या हौसेने नंबर भरून द्यायची, सवयच ती. नाना बघून मान हलवायचे, ‘रंग गंडले, पण असू दे, उद्या ये. मी नीट करून ठेवतो.’ आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर छापाची प्रत असायची, आणि काय रंग! माझ्या मनात होते तसेच हुबेहूब. मी म्हणायची, नाना, तुम्हाला माझ्या मनातलं कसं दिसतं? ते बडीशेप चघळत हसायचे. ‘नानांची कानबाई’ अशीच निघाली, क्लासातली माझीच ती रेघ, नानांनी रंग ‘नीट’ केलेली. श्रावणात तिची कॅलेंडरं जळगावपासून साक्रीपर्यंत घराघरात लागायची, मॅटाडोरच्या काचेवर ती चिकटलेली असायची. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘हिरामण’. माझ्या स्वयंपाकघरातही ती होती. मी रोज तिच्याकडे बघून पोळ्या लाटल्या.

आणि मी स्वतः? मी साडीच्या दुकानात कधी तोंड उघडलं नाही. माझी बहीण निवडणार, मी नेसणार. मुलीच्या लग्नात रुखवताचे रुमालसुद्धा जावेला विचारून घेतले. कपाट उघडा माझं, सगळं मळखाऊ. टोमॅटो पिकला की नाही हे मला बरोबर कळायचं. चौकातला सिग्नल कळायचा. एकदा चष्म्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा मुद्दाम सांगितलं, मला रंग कळत नाहीत. त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, मी सगळे आकडे वाचले. म्हणाले, बाई, तुमचे डोळे उत्तम आहेत. मी पायऱ्या उतरताना मनात म्हटलं, यांना काय डोंबल कळतंय! नानांना विचारा.

पुढे नाना धुळ्याला दिलीपकडे गेले, दुकान बंद झालं, मी घरी टायपिंगची कामं सुरू केली. अर्ज, स्मरणिका, प्रश्नपत्रिका. काळं पांढऱ्यावर. माझं तेवढंच, असं म्हणत वर्षं गेली.

मागच्या महिन्यात दिलीपने पेनड्राइव्ह पाठवला. नानांच्या जुन्या मशीनमधल्या सगळ्या पीसीएक्स फाइली. पुस्तकात छापायच्या तर आधी नव्या प्रकारात करून हव्यात, हे काम माझ्याकडे. मी एकेक उघडत गेले. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाचा फोल्डर नानांनी जपला होता, माझाही. योगेशचा पोपट जसाच्या तसा. माझी कानबाई उघडली: निळं तोंड, हिरवी साडी. एवढ्या वर्षांनीही मी आधी मागे वळून पाहिलं, कोणी हसतंय का, खरंच सांगते.

योगेश आता भुसावळला फ्लेक्सचं काम करतो. त्याला फोन लावला, म्हटलं, माझी थंडी वाजणारी कानबाई सापडली रे. तो हसला. मग मी सहज विचारलं, या फाइलीत रंग बदलता येतील का, सगळं पुन्हा न भरता?

‘अगं, सोपं आहे. या फाइलीत रंग नसतोच, नुसता नंबर असतो. कोणता नंबर म्हणजे कोणता रंग, ती यादी फाइलीच्या शेवटी चिकटवलेली असते. ती यादी बदलली की चित्र बदललं.’

‘यादी तर सगळ्यांची एकच ना? भिंतीवरची?’

‘भिंतीवरची वेगळी, फाइलीतली वेगळी. प्रत्येक फाइलीला स्वतःची. तू एक कर, माझ्या पोपटाची यादी तुझ्या कानबाईला लाव. कसं ते सांगतो.’

त्याने सांगितलं तसं केलं. दुपारची वेळ, बाहेर भंगारवाला ओरडत होता. एक बटण दाबलं आणि पडद्यावर कानबाई बदलली. गुलाबी तोंड, लाल साडी, हिरवे खांब. मी टाकले होते तेच नंबर, एकही न बदलता.

पण पडद्यावर जी आली ती मला नवी नव्हती. मी उठून स्वयंपाकघरात गेले. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि पडद्याशेजारी धरलं. नथीतल्या मोत्यापर्यंत तीच. नानांनी रंग ‘नीट’ केलेच नव्हते हो. त्यांनी फक्त यादी बदलली होती. रंग माझेच होते. माझ्या मनातलं त्यांना दिसायचं म्हणे! दिसणार नाही तर काय, फाइलीतच होतं ते.

मग मी माझ्या सगळ्या फाइली तपासल्या. केळीच्या घडाची यादी ठीक. त्यानंतर दिलेल्या प्रत्येक नमुन्याची यादी फिरवलेली. लाल आणि हिरवा, गुलाबी आणि निळा, तपकिरी आणि जांभळा, यांचीच अदलाबदल. पिवळ्याला हात नाही, पांढऱ्याला हात नाही. का, ते मग लक्षात आलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर जे रंग सारखेच राखाडी दिसतात, तेवढेच त्यांनी फिरवले होते. पिवळा फिरवला असता तर मला पडद्यावर कळलं असतं. म्हणजे हे मशीनने खाल्लेलं नव्हतं. कोणीतरी बसून, विचार करून, माझ्या नावाच्या फ्लॉपीवर भरलेलं होतं. आणि बाकी कोणाचीही यादी फिरलेली नव्हती.

योगेशला पुन्हा फोन केला. त्याने मला सगळ्या याद्या पुन्हा वाचून दाखवायला लावल्या. मग म्हणाला, ‘मी सगळ्यात मोठ्याने हसायचो गं तुला.’

धुळ्याला गेले. देवपुरात दिलीपचं घर. नाना पलंगावर बसले होते, पांढराच सदरा, खिसा रिकामा. काचबिंदूने नजर अधू झाली आहे. आवाजावरून ओळखलं. ‘कल्पना उनी का? ये व माय, ये. पानी दे व हिले.’ सून पाणी देऊन आत गेली. तोच आवाज, तीच माया. मला वाटलं, उठावं आणि परत जावं, काही विचारू नये. माझा बाप गेल्यावर मला कोणी ‘ये व माय’ म्हणालं नव्हतं, नानांशिवाय.

पण विचारलं. ‘नाना, माझ्या फाइलींच्या याद्या का फिरवल्यात?’

ते पलंगाच्या कडेवर बोटाने कसलीतरी रेघ काढत राहिले. ‘तुले समजी गयं?’

‘समजलं.’

‘माले वाटे, तुले पहिल्याच महिन्यात समजी.’

‘मला का समजेल? मी तुमच्यावर विश्वास ठेवत होते.’

मग ते प्रमाण मराठीत बोलू लागले, काही गंभीर सांगायचं असलं की बोलायचे तसं. ‘तो केळीचा घड तू आणलास, कल्पना, तेव्हा मी रात्री जेवलो नाही. मला सगळे नंबर पाठ होते. पण कोणता रंग कुठे, ते मला कधीच सुचलं नाही. दुसऱ्याचं बघून करायचो. तुला न बघता सुचत होतं. तुला कळलं असतं की तू काय आहेस, तर तू जळगावात कशाला राहिली असतीस? मुंबईला गेली असतीस, पुण्याला गेली असतीस. माझं दुकान काय, नुसत्या नंबरांवर चाललं असतं?’

‘मला सांगितलं असतंत तर मी राहिले असते. नाना, मी राहिलेच असते.’

‘तसं कोनी राहत नही, बेटा.’

मी म्हटलं, माझ्या आईच्या ओसरीवर बसून तुम्ही भाकरी खाल्लीत. ते म्हणाले, ‘खाल्ली. आणि पोरीसारखं ठेवलं का नाही?’ आणि खरं सांगू, ठेवलं होतं. त्याचाच मला जास्त राग आला. वैरी असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. इथे ज्या हाताने मुगाचं पाणी पाठवलं, त्याच हाताने दर सोमवारी माझे डोळे काढून घेतले. मला रडू फुटलं. नानांनी माझ्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. मी तो धरला नाही.

तेवढ्यात सून आतून दोन शाली घेऊन आली. तिने काही ऐकलं नव्हतं. पंच्याहत्तरीच्या सत्काराच्या दिवशी बाबांच्या अंगावर घालायला यातली कोणती बरी दिसेल, असं तिने मला विचारलं. एक मोरपंखी होती, एक डाळिंबी. मी डोळे पुसले आणि बघतच राहिले. मला कोणी असं कधी विचारलं नव्हतं.

आणि नाना हसले. अगदी पूर्वीसारखे, लाडाने, जणू आता पाच मिनिटांपूर्वी आमच्यात काही झालंच नव्हतं. ‘तिले काय पुसस?’ सुनेला म्हणाले. ‘तिले रंगमधलं काहीच समजस नही.’

त्यात कुजकेपणा नव्हता हो. घरातल्या कोणाला कारलं आवडत नाही, हे जसं पाहुण्यांना सांगतात, तसं ते बोलून गेले. इतकी वर्षं बोलून बोलून त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

‘मोरपंखी घाला,’ मी सुनेला म्हणाले. ‘पांढऱ्या सदऱ्यावर तीच उठून दिसेल.’

तिने दोन्ही शाली नानांच्या मांडीवर ठेवल्या आणि चहा टाकायला आत गेली. नानांनी एक शाल उचलून डोळ्यांजवळ नेली, खाली ठेवली. दुसरी नेली. पुन्हा पहिली. खिडकीच्या उजेडाकडे वळवून पाहिली.

‘कल्पना,’ ते हळूच म्हणाले, ‘यामा मोरपंखी कोनती शे व?’

मी पर्स खांद्याला लावली. दारात चपला होत्या, मी आल्यावर सवयीने तोंड बाहेर करूनच काढल्या होत्या.

‘डोया उघाडीसन नंबर वाचा, नाना,’ म्हटलं, आणि बाहेर पडले.